पान उलटतानाचा हुंदका

माझ्या थोरल्या बहिणीला दोन आवाज आहेत. एक घरचा. तो घोगरा, सर्दी झाल्यासारखा, "छोटी, गॅस बंद केलास का?" एवढं विचारतानाही मध्येच तुटणारा. दुसरा कामाचा. तो ऐकलात तर तुम्ही लगेच ओळखाल, कारण कित्येक वर्षं तुम्ही तो सिनेमात ऐकत आला आहात. परक्या भाषेतल्या एका मोठ्या नटीचे सिनेमे आपल्या भाषेत येतात, तेव्हा ती नटी ज्या आवाजात हसते, भांडते, प्रेमात पडते आणि मरते, तो माझ्या ताईचा आवाज. घरात आम्ही त्या नटीला राणीसाहेब म्हणतो. ताई नावाची कुणी बाई या जगात आहे, हे राणीसाहेबांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

ताई साठीला टेकली आहे. गुडघे गेलेत, चष्मा जाड आहे, आणि जिना चढताना ती दर वळणावर थांबून सगळ्या देवांची नावं घेते, त्यातली अर्धी शिव्यांसारखी वाटतात. पण कान गच्च झाकणारे हेडफोन लावून ती स्टुडिओतल्या त्या अंधाऱ्या, भिंतींना गादी ठोकलेल्या खोलीत उभी राहिली की पंचविशीतली होते. कामाला जाताना बांगड्या काढून ठेवायच्या, कांजीचे कपडे घालायचे नाहीत, कारण माइकला सगळं ऐकू येतं. उपाशी जायचं नाही, पोट गुरगुरतं. जड जेवून जायचं नाही, ढेकर येतो. प्रेमाचे प्रसंग ती स्वतःच्या मनगटाचे मुके घेऊन करते. लग्न केलं नाहीस त्याचं काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, तिचं मनगट आहे ना.

मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. सुट्टीच्या दिवशी किंवा ताईचे गुडघे फार बोलायला लागले की तिच्याबरोबर स्टुडिओत जाते आणि काचेअलीकडे कानसेनशेजारी बसते. कानसेन म्हणजे तिथला रेकॉर्डिंग करणारा. शेजारच्या खोलीत माशी उडाली तरी तो "ताई, परत घेऊ" म्हणतो, म्हणून हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्याच्यामुळे या धंद्यातला एक नियम मला पाठ झाला. पडद्यावर तोंड हललं आणि आवाज आला नाही, असं होता कामा नये. नटी बोलता बोलता थांबली, आवंढा गिळला, मान फिरवली, की ती रिकामी जागा भरायची. श्वास घाला, घसा खाकरा, उसासा टाका, पण जागा मोकळी सोडायची नाही. ताईला तर आता त्याची इतकी सवय झाली आहे की घरी मी बोलता बोलता थांबले तरी ती मध्ये "हं" घालते.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ताई घाबरली किंवा फार गलबलली, की तिचा घरचा आवाज पळून जातो आणि राणीसाहेब हजर होतात. बँकेत सही जुळली नाही तेव्हा ती खिडकीतल्या माणसाशी अशी काही बोलली की रांगेतले लोक वळून बघायला लागले. आई गेली तेव्हा नातेवाइकांना फोन तिनेच केले, आणि सगळे त्या आवाजात. मावशी नंतर म्हणाली, "किती सुंदर रडते गं ही." मी मावशीशी कितीतरी दिवस बोलले नाही. ताईचं रडणं खरं होतं. मी तिच्या शेजारी होते, मला माहीत आहे.

तर इस्रायल आणि पॅलेस्टाइनची ती लढाई सुरू होऊन बरेच महिने झाले होते. टीव्हीवर रोज चौकटीत चौकट, प्रत्येकीत एक तावातावाने बोलणारं तोंड. एक म्हणायचा सुरुवात कुणी केली ते आधी बोला, दुसरा म्हणायचा आधी मेलेली मुलं मोजा, तिसरा दोघांनाही इतिहास शिकवायचा. मग खेळाडू बोलले, गायक बोलले, आणि जे बोलले नाहीत त्यांना लोक विचारायला लागले की तुम्ही गप्प का. दवाखान्यातही तेच. दाढदुखीने कळवळत आलेला माणूस खुर्चीत बसेपर्यंत भांडायचा. डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं की मगच शांतता.

आमच्या इमारतीत मात्र या विषयावर कुणी मोठ्याने बोलत नसे, ते खालच्या घड्याळकाकांमुळे. तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मागे तेच घर. त्यांची एकुलती लेक नर्स. शिकायला म्हणून परदेशी गेली, तिथे भेटलेल्या गाझाच्या मुलाशी लग्न केलं, आणि नवऱ्याबरोबर तिकडे जाऊन तिथल्या इस्पितळात काम करू लागली. लहानपणी ही पोर आमच्याच पायरीवर बसलेली असायची. "ताई, कावळ्यासारखं बोल. ताई, म्हातारीसारखं बोल." ताई बोलायची आणि पोर हसून हसून पायरीवरून घसरायची. लढाई सुरू झाल्यावर तिचा फोन आधी दोन-चार दिवसांनी यायचा, मग आठवड्याने, मग बंदच झाला. काका भिंग डोळ्याला लावून लोकांची घड्याळं उघडायचे आणि फोन समोर, पसरलेल्या चाकांच्या आणि स्क्रूंच्या पलीकडे, पालथा ठेवायचे. सारखा दिसला की स्क्रू चिमट्यातून निसटतात म्हणायचे.

अशात एका बक्षीस समारंभात राणीसाहेबांनी खिशातून कागद काढला आणि चार वाक्यं वाचली. "तिथे मुलं मरताहेत. मेलेल्या मुलाला बाजू नसते. दोन्हीकडच्या आयांच्या नावाने मी सांगते, हे थांबवा. आजच थांबवा." बातमीवाल्या चॅनेलला हे आपल्या भाषेत हवं होतं, आणि हवं होतं त्याच आवाजात. ताईला दुपारी बोलावणं आलं. मीही गेले.

पडद्यावर राणीसाहेब अगदी कोरड्या वाचत होत्या, किराण्याची यादी वाचावी तशा. केस गालावर, तोंड अर्धं माइकमागे. तिसऱ्या वाक्यानंतर त्यांनी कागद उलटला. मागच्या बाजूला शेवटचं वाक्य होतं. उलटताना ओठ जरा हलले, बहुधा कागद चिकटला असावा. ताईने ती जागा भरली. हुंदका दिला. मोठा नाही, आतल्या आत अडलेला, शेवटी बारीकसं नाक ओढलेलं. आणि मग म्हणाली, "आजच थांबवा." कानसेनने काचेमागून अंगठा वर केला. एका फटक्यात ओके. येताना आम्ही वाटेत भाजी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत सगळ्यांच्या फोनवर होती. राणीसाहेबांचा हुंदका! चौकटीतल्या तोंडांना नवीन विषय मिळाला. एक म्हणाला, हा या शतकातला सर्वांत प्रामाणिक हुंदका आहे. दुसरा म्हणाला, हा पैसे घेऊन दिलेला हुंदका आहे, हिने ओलीस नेलेल्या माणसांसाठी कधी टिपूस गाळलं का? तिसऱ्याने हुंदक्याचा इतिहास सांगितला. ताई मटार सोलत ऐकत होती. मला राहवेना. "अरे मेल्यांनो, तो हुंदका इथे मटार सोलतोय!" मी टीव्हीला म्हटलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो. तेवढंच काय ते हसलो.

कारण दाराशी घड्याळकाका उभे होते. त्यांना दम्याचा त्रास, ते कधी जिना चढत नाहीत. आत आले, खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि ताईला म्हणाले, "इतके दिवस सगळे नुसते बोलतायत, पोरी. तू रडलीस. मला कळलं कुणासाठी रडलीस ते. तिला पायरीवर खेळवलंयस तू."

ताईने तोंड उघडलं आणि मिटलं. काय सांगणार होती? काका, ती बाई पान उलटत होती, मी जागा भरली? काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, साठीच्या बाईच्या डोक्यावर, आणि खाली गेले. त्या दिवसापासून दुकानात फोन उताणा दिसायला लागला. काम करता करता ते ती फीत लावायचे. हुंदक्यापर्यंत ऐकायचे आणि बंद करायचे. मी येता-जाता ऐकायची. राग यायचा, कुणाचा ते कळायचं नाही.

"खरं होतं का गं ते?" मी ताईला एकदा विचारलं.

"मला काय माहीत," ती म्हणाली. "जागा होती, भरली. ते वाक्य म्हणताना पोरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं होतं, असं आता वाटतं. पण ते तेव्हा आलं होतं की काका येऊन गेल्यावर, ते सांगता येत नाही. इतकी वर्षं रडतेय मी छोटी, आता कुठलं कुणाचं ते कळत नाही."

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. त्यांची नणंद इस्रायलमध्ये एका म्हातारीची देखभाल करते. धोक्याचा भोंगा वाजला की म्हातारीला उचलून जिन्याखाली नेते. त्या म्हातारीचा नातू पहिल्याच दिवशी ओढून नेलेला, अजून पत्ता नाही. म्हातारी रोज त्याच्यासाठी ताट मांडायला लावते. मावशींनी फडकं पिळता पिळता मला विचारलं, "तुमच्या ताईंनी त्या पोरासाठी नाही का हो हुंदका दिला?" एरवी मी कुणाला ऐकून घेणारी नाही. पण त्या भांडायला आल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या. मी घरी येऊन ताईला सांगितलं. तिने बराच वेळ चष्मा पुसला. म्हणाली, "सांग त्यांना, त्याच्यासाठीही होता."

"होता का?"

"नसेल तर आता धरा म्हणावं. अजून काय करू मी?"

मग राणीसाहेबांचा नवा सिनेमा यायची वेळ झाली. कुठे त्यांच्या फलकांना काळं फासलं, कुठे थिएटरवाल्यांनी हात वर केले, कुणी त्यांना देवी केलं, कुणी त्यांच्या आईचा उद्धार केला. दोन्ही बाजूंना त्या आपल्या वाटेनात. शेवटी त्यांनी दुसरा कागद वाचला. "मला पुरेशी माहिती नव्हती. कलाकाराने अशा विषयात पडू नये. माझ्या बोलण्याने ज्यांची मनं दुखावली, त्यांची मी क्षमा मागते. ते शब्द मी मागे घेते." स्टुडिओतून ताईला फोन आला.

मी म्हटलं, जाऊ नकोस. सरळ सांग, घसा बसलाय. ताई म्हणाली, "मी नाही गेले तर स्टुडिओतली ती नवी पोरगी म्हणेल. हुबेहूब माझ्यासारखं बोलते ती, कानसेनच म्हणतो. काकांना काय फरक कळणार? त्यांना माझाच आवाज ऐकू येणार." मी म्हटलं, मग निदान आपण केलं नाही एवढं तरी राहील. ती म्हणाली, "आणि पुढचं काम?" दवाखान्याच्या टेबलावर बसून दोघींचं घर चालत नाही, हे तिला जेवढं माहीत तेवढंच मला.

आम्ही गेलो. त्या दिवशी तिथे सिनेमा कंपनीचे एक सूटवाले गृहस्थ आले होते. फार नम्र. ताईला वाकून नमस्कार केला, तुमची मी लहानपणापासून भक्ती करतो म्हणाले, आणि मग म्हणाले, "मॅडम, मागच्यासारखा एक हुंदका द्या. 'क्षमा मागते'च्या आधी. लोकांना तो ओळखीचा झालाय. तो असला की त्यांना पटेल."

ताईने हेडफोन काढून हातात घेतला. "वाक्यं म्हणते," ती म्हणाली, "हुंदका मिळणार नाही. इथे ती पानही उलटत नाही." हे ती घरच्या आवाजात म्हणाली, घोगऱ्या, तुटक. मला इतका अभिमान वाटला की मी काचेअलीकडे उगाच पर्स उघडून बंद केली. सूटवाल्यांनी कानसेनकडे पाहिलं. कानसेन आपल्या बटणांकडे बघत राहिला. "ठीक आहे मॅडम," सूटवाले हसून म्हणाले, "तुमच्या कलेचा आदर आहे."

ताईने ती चार वाक्यं कोरडी म्हटली. बाहेर आलो तेव्हा तिच्या कपाळाला घाम होता, पण चेहरा हलका होता. जिना चढताना देवांची नावंही तिने कमीच घेतली. "शब्द त्या बाईचे होते, गेले तर गेले," ती म्हणाली. "काका शब्दांसाठी ऐकतच नाहीत. हुंदका राखला ना मी? तेवढा राहिला त्यांना." मी चहा टाकला. खूप दिवसांनी तिने साखर जास्त घाल म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या टीव्हीवर माफी लागली. मी पावती फाडत होते. "माझ्या बोलण्याने ज्यांची मनं दुखावली..." आणि हुंदका आला. आतल्या आत अडलेला, शेवटी बारीकसं नाक ओढलेलं. "...त्यांची मी क्षमा मागते." रांगेतली एक बाई म्हणाली, "बघा, बिचारीला पश्चात्ताप झालाय." शेजारचा गालाला हात लावून म्हणाला, "नाटकं सगळी." मी पावती तशीच टाकून घरी निघाले.

ताई फोन धरून बसली होती. पलीकडे कानसेन होता. ऐकू येत होतं मला. "ताई, मी काय करू सांगा. मागचा साठवलेला होताच. तुम्ही गेल्यावर त्यांनी काढायला लावला. दोन बटणांचं काम हो, मी नसतं केलं तर दुसऱ्याने केलं असतं." तो रडकुंडीला आला होता. त्याला काय बोलायचं? ताईही तेच म्हणून तिकडे गेली होती, आणि आदल्या दिवशी मीही तेच ऐकून गप्प बसले होते. मला कुणालातरी खडसावायचं होतं आणि समोर खडसावण्याजोगं माणूसच सापडेना. सूटवाले नम्र, कानसेन गरीब, राणीसाहेब घाबरलेल्या. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि हुंदका गेला तो गेला.

"काकांकडे जाते," ताई म्हणाली. "टीव्हीवाल्यांनी सांगायच्या आधी मी सांगते."

आम्ही खाली गेलो. उशीर झाला होता. फोन त्यांच्या समोर उताणा होता आणि पडद्यावर राणीसाहेब थांबलेल्या होत्या, तोंड अर्धं उघडं. काकांनी भिंग काढलं. डोळ्याभोवती त्याचा वळ उठला होता. रागावले नव्हते, हेच वाईट होतं. रागावले असते तर मी भांडले असते.

"दोन्ही एकच आहेत ना गं?" ते म्हणाले. "नाक ओढल्याचा आवाजसुद्धा तोच. मी आलटून पालटून लावून बघितले."

"तो मी दिला नाही काका," ताई म्हणाली. "मागचा काढून लावला त्यांनी. मी नाही म्हटलं होतं."

"हो, हो. तू कशाला देशील." त्यांनी समोरच्या उघड्या घड्याळावरची धूळ फुंकरीने उडवली. उगाच, तिथे धूळ नव्हती. "पण असा काढून कुठेही लावता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून आपलं विचारतो. रागावू नकोस हं. पहिल्यांदा दिलास तो... तो तरी माझ्या पोरीसाठी होता ना?"

मला वाटलं, आता ही सांगणार. पान, जागा, सगळं. किंवा रडणार. पण ताईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. काय ठरलं तिच्या मनात ते मला दिसलं, इतकं स्पष्ट मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "हो काका. तिच्यासाठीच होता."

आणि तो राणीसाहेबांचा आवाज होता.

गोड, भरून आलेला, एकही शब्द न तुटलेला. अख्ख्या दुकानात पसरला. ताईला स्वतःला ऐकू आला, कारण तिने पटकन तोंडावर हात नेला, जसं काही तो परत आत ढकलता येईल. काकांनी फोनवरच्या त्या अर्ध्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "बरं हं, पोरी." त्यांनी भिंग परत डोळ्याला लावलं, हात लांब करून फोन पालथा घातला आणि घड्याळावर वाकले.

आम्ही वर निघालो. पहिल्या वळणावर ताई थांबली. मला वाटलं गुडघा. तिने कठडा धरला, घसा खाकरला, आणि भिंतीकडे बघत, घोगऱ्या, मध्येच तुटलेल्या घरच्या आवाजात म्हणाली, "हो काका. तिच्यासाठीच होता."

ऐकायला मी एकटीच होते. मी "हं" म्हटलं.